धूमकेतूची शेपटी पुढं कशी काय?

रंकाळा_काठ:
राम राम मंडळी. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू दिसत होता तेव्हा आम्ही चौघं मसाई पठारावर गेलतो, सूर्य बुडल्यावर मोबाईल दगडाला टेकवून दहा सेकंदांचा फोटो काढला तर शेपटी सरळ वर. आता परवा कळालं की तेव्हा तो सूर्यापासनं लांब चालला होता, म्हणजे शेपटी त्याच्या पुढं होती की! मला वाटायचं गाडीच्या धुरागत मागं राहत असंल. सौर वारा ढकलतो म्हणतात, पण तिथं जाऊन तो कुणी मोजलाय का?

पन्हाळकर:
भावा, शेपट्या दोन असतात. तुझ्या फोटोतली बहुतेक धुळीची, तिला सूर्याचा उजेडच ढकलतो. दुसरी निळसर, वायूच्या आयनांची (म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची), तिला सौर वारा ढकलतो. बिअरमन या जर्मन शास्त्रज्ञानं १९५१ साली या शेपट्या बघूनच सांगितलं की सूर्यातनं कणांचा झोत, म्हणजे हाच सौर वारा, सतत निघत असणार, तेव्हा यान वगैरे काही नव्हतं.

उसाचा_फड:
मोजलाय की, १९८५ ला आयसीई यान जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतनं गेलं, १९८६ ला जिओटो यान हॅले धूमकेतूच्या सहाशे किमीवरनं. पण ती गेली आणि आली. रोझेटा यान मात्र ६७पी धूमकेतूसोबत दोन वर्षं राहिली आणि माझा जीव तिच्यावर. सौर वारा सेकंदाला चारशेएक किमीनं येतो, धूमकेतूचा वायू आयन होऊन त्याच्यात मिसळला की वारा जड होतो. मोकळा ट्रॅक्टर पळतो आणि उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या जोडल्या की चढाला दमतो, तसंच बगा. २०१५ ला सूर्याजवळ असताना तर कित्येक महिने रोझेटाला सौर वाऱ्याचे आयन दिसलेच नाहीत, वारा तिथपर्यंत पोचतच नव्हता!

रंकाळा_काठ:
ट्रॅक्टरवरनं लगेच डोक्यात शिरलं. मग चुंबकीय क्षेत्राचं काय, धूमकेतूला स्वतःचं असतं का?

उसाचा_फड:
रोझेटानं आणि तिनं धूमकेतूवर उतरवलेल्या फिलेनं मोजलं, ६७पीला स्वतःचं नाही. सूर्याचंच क्षेत्र वाऱ्याबरोबर येतं. पंचगंगेला पाणी वाढलं की घाटावरच्या दीपमाळेला एखादं धोतर अडकतं ना, मधला भाग दगडाला घट्ट चिकटलेला आणि दोन्ही टोकं पाण्याच्या धारेनं मागं लांब ताणलेली, तशा क्षेत्ररेषा धूमकेतूभोवती अडकतात. शेपटी त्या दोन टोकांच्या मधी. आणि अगदी जवळ वायूचा जोर एवढा की क्षेत्र आत शिरतच नाही, २६ जुलै २०१५ ला रोझेटाचा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) धूमकेतूपासनं १७० किमीवर जवळजवळ शून्यावर आला. एवढ्या लांब कुणाला अपेक्षा नव्हती, पुढं शेकडो वेळा तसं सापडलं.

पन्हाळकर:
त्यात एक भर. २० एप्रिल २००७ ला सूर्यातनं उसळलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) एन्के धूमकेतूवर आदळला आणि शेपटी तुटून वाहून गेली, स्टिरिओ यानानं त्याचं चित्रणच केलं. आणि भावा, निळी शेपटी मोबाईलात अवघड, पुढच्या वेळी माझा कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन जा.