विनोदी चित्रपट आधी संवादांत लिहावा की कॅमेऱ्याच्या चौकटीत?

चौकटबद्ध:
मध्यंतरी एका लघुपटाच्या चित्रीकरणाला मदतनीस म्हणून गेलो होतो. प्रसंग असा होता : पाहुणे येण्यापूर्वी यजमान खुर्चीचा मोडका पाय कसाबसा टेकवून ठेवतो आणि बायको नेमकी तीच खुर्ची साहेबांपुढे सरकवून "बसा ना" म्हणते. संहितेत यापुढे यजमानाच्या तोंडी चार कोटीबाज वाक्ये होती आणि दिग्दर्शकाने ती सगळी क्लोजअपमध्ये घेतली. संकलनाच्या टेबलावर पाहिले तर खुर्ची पडद्यावर कुठेच नव्हती आणि हसूही आले नाही.

पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असली, की चित्रपटातला विनोद उभा राहतो, असे माझे मत आहे. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) या मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते, आणि वरची उघडी खिडकी नेमकी तो उभा असतो तिथे आल्यामुळे तो वाचतो. भिंत आणि माणूस एकाच चौकटीत दिसतात, म्हणून तर आपण आधी दचकतो आणि मग हसतो. मराठी विनोदी पटकथा मात्र आजही नाटकाच्या संहितेसारखी लिहिली जाते. आधी कृती लिहावी, संवाद सर्वांत शेवटी.

बतावणीकर:
असहमत. मूकपटाचा नियम तुम्ही बोलपटाला लावत आहात. आपला विनोद तमाशातल्या बतावणीतून, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवादांतून, आला आहे आणि तो शब्दांवर पोसला आहे. वसंत सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिले, 'सोंगाड्या' (१९७१) लिहिला आणि पुढे 'अशी ही बनवाबनवी'ही (१९८८) लिहिला. ज्या कानाने रंगमंचावरचा हशा ओळखला, त्याच कानाने पडद्यासाठीही लिहिले.

'बनवाबनवी'त लुगड्यातल्या मित्राची बायको म्हणून ओळख करून देतानाचे "हा माझा बायको" हे वाक्य घ्या. 'बायको' स्त्रीलिंगी, सर्वनाम आणि विशेषण पुल्लिंगी. खोटे बोलणाऱ्या माणसाच्या व्याकरणातून खरे बाहेर पडते आणि ते सावरता सावरत नाही. या चित्रपटाचे कथाबीज 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटाचे असले, तरी ही गंमत मराठीच्या लिंगव्यवस्थेतली आहे. कॅमेरा कुठेही ठेवला असता तरी ते वाक्य हसवून गेले असते.

कात्रीवाला:
दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. नाटकात हशा ओसरेपर्यंत नट थांबतो; चित्रपटात तो थांबा संकलनातच आधी मोजून ठेवावा लागतो. कमी ठेवला तर चित्रपटगृहात पुढचे वाक्य हशात बुडते आणि जास्त ठेवला तर मोबाइलवर एकट्याने पाहणाऱ्याला तिथे भगदाड दिसते. त्या थांब्यात नटाने नुसते भिंतीकडे पाहिले तरी चालते, पण त्याला काहीतरी करायला हवे. हे संहितेत लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे.

चौकटबद्ध:
कात्रीवाल्यांचे म्हणणे मान्य. बतावणीकरांना मात्र एवढेच विचारतो, की त्या वाक्याच्या वेळी लुगड्यातला पुरुष समोर दिसलाच नसता, तर ती नुसती व्याकरणाची चूक ठरली नसती का?

शिवाय लेखन म्हणजे संवाद, हे समीकरणच मला खटकते. 'सिटी लाइट्स'मधल्या (१९३१) अंध फुलवालीला चॅप्लिनने रंगवलेला भणंग श्रीमंत आहे असे वाटायला हवे होते आणि ते कसे दाखवावे यावर चॅप्लिन फार काळ अडला. प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित झाला. उत्तर सापडले ते मोटारीच्या दारात. तो उभ्या असलेल्या मोटारीतून पलीकडे उतरतो, दार बंद होते आणि तो आवाज ऐकून तिचा गैरसमज होतो. शब्द एकही नाही, तरी हे अव्वल दर्जाचे लेखनच आहे.

बतावणीकर:
लुगड्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी घेतो. पण 'जाने भी दो यारो'चा (१९८३) शेवट आठवा, जिथे चालू असलेल्या महाभारताच्या नाटकात एका प्रेतावरून पळापळ होते. द्रौपदीच्या वेशातले प्रेत गप्प असते हे खरे. भोवतालचे नट मात्र पल्लेदार नाटकी भाषेत तावातावाने बोलत राहतात आणि महाभारतात थेट सलीम-अकबर घुसतात. ती भाषा काढून घेतली, तर उरेल नुसती पळापळ.

आता तुमच्या खुर्चीचे सांगा. ती चार वाक्ये उडवून तुम्ही काय केले असते?

चौकटबद्ध:
साहेब टेकण्याच्या बेतात असताना यजमानाने झडप घालून स्वतःच त्या खुर्चीत बसावे. मग चहा, बिस्किटे, बदलीच्या गप्पा, सगळे होईपर्यंत त्याला सारा भार गुडघ्यांवर तोलून बसल्याचे सोंग करावे लागेल. कॅमेरा समोर, खुर्चीचे चारही पाय दिसतील एवढ्या अंतरावर, आणि मध्ये एकही काप (कट) नाही.

बतावणीकर:
उत्तम. तिथे साहेबांना एकच वाक्य द्या : "अहो, असे अवघडून काय बसलात? जरा ऐसपैस टेका की."