घारापुरीवर डोलीच्या जागी ई-रिक्षा आणायला हवी का?

नेरूळकरीण

आईला घेऊन घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, जाऊन आले. लाँचमधून उतरल्यावरचा लांबलचक धक्का टॉय ट्रेनने पार होतो, तिथवर ठीक. पण पायथ्यापासून वर १२० पायऱ्या आहेत. ज्याला चढवत नाही त्याला डोलीशिवाय इलाज नाही. खुर्चीला बांधलेले दोन बांबू आणि ते उचलणारी चार माणसं. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी ताडपत्री, त्या चिंचोळ्या वाटेतून ते "बाजू, बाजू" करत चढत होते. मागच्या गड्याने पन्नाशी कधीच ओलांडलेली. खांद्यावर टॉवेलची घडी होती, तरी बांबू बसून बसून तिथे घट्टा पडलेला दिसत होता. आई वर पोहोचेपर्यंत गप्प होती. सदाशिवाच्या मूर्तीसमोरही तिचं लक्ष लागलं नाही.

माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, माणसाने माणसाला ओढणं प्रतिष्ठेला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. हातरिक्षावाल्यांनाच ई-रिक्षा भाड्याने द्या, असंही सुचवलं. मग घारापुरीला वेगळा न्याय का? समुद्राखालून केबल टाकून २०१८ मध्ये बेटावर वीज आली आहे. पायऱ्यांना वळसा घालून चढाचा रस्ता काढावा आणि रिक्षा पहिल्यांदा डोलीवाल्यांच्या हातात द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरणवाली

ताई, कळकळ पोहोचली, पण डोलीवाल्यांशी बोललात का? बेटावर कमाई म्हणजे पर्यटक. सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. जे दिवस मिळतात त्यात वर्ष काढायचं. रिक्षाचं भाडं किंवा हप्ता मात्र लाटा बघून थांबत नाही. त्यात खारी हवा. गाडी बिघडली तर मेकॅनिक कुठून आणणार? लाँचवर चढवून उरणला न्यायची आणि तोवर घरी बसायचं. डोलीला ना हप्ता, ना चार्जिंग.

कोपरखैरणे_सेक्टर११

रस्ता नेमका कुठून काढणार? घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा आहे. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. पायऱ्या तर लेण्यांच्या दारातच संपतात. म्हणजे डोली जिथे पोहोचवते तिथे रिक्षा पोहोचणारच नाही. आणि डोंगर कापला की पहिल्या पावसात माती खाली. बेटावर हॉर्न नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती घालवू नका. टॉय ट्रेन पुरे, बाकी चालावं.

नेरूळकरीण

"बाकी चालावं" हे चालता येणाऱ्याने म्हणणं सोपं आहे. १०० मीटरचा नियम मान्य. पण त्याच्या अलीकडपर्यंत गाडी आली तर निम्मा चढ तरी वाचेल. तेवढंही नको म्हणत असाल, तर माझ्या आईने पायथ्याशी बसून राहायचं का?

बेलापूर_खाडी

तुम्ही बेटावर पोहोचल्यानंतरचं बोलताय, मला पोहोचायचीच अडचण आहे. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, आपल्या अंगणात. तरी नवी मुंबईकराने लोकलने मुंबईला जायचं, गेटवेला एकाला एक लागलेल्या लाँच ओलांडत आपली लाँच गाठायची आणि पुढे तासभर प्रवास. बेलापूर जेटीवरून २०२२ मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाली, पण स्पीडबोटीचं भाडं चौघांच्या कुटुंबाला झेपणारं नव्हतं. साधी लाकडी लाँच सोडा की बेलापूरहून! म्हाताऱ्या माणसाची निम्मी दमणूक तिथेच वाचेल.

ऐरोलीची_आई

माझा मुलगा व्हीलचेअरवर असतो. आमची पहिली परीक्षा पायऱ्यांच्या आधीच झाली. ओहोटीला लाँच धक्क्याच्या खाली जाते, त्यामुळे दोन खलाशांनी त्याला उचलून वर दिला, खुर्ची मागून आली. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा, तो रिक्षाच्याही आधी हवा. आणि डोलीबद्दल सांगते, त्या चौघांमुळेच माझ्या मुलाने लेणी पाहिली. वर टेकल्यावर त्यांच्यातल्या एकाने त्याला शिवाच्या तीन मुखांपैकी कोणतं कोणाचं ते समजावलं. दुसरी सोय उभी राहायच्या आधी डोली बंद करू नका, एवढीच हात जोडून विनंती.

उरणवाली

हेच म्हणते मी. डोलीचे दर धक्क्यावरच मोठ्या फलकावर लावा, एका डोलीला किती वजन चालेल ते ठरवा, वजन जास्त असेल तर सहा माणसं आणि त्याप्रमाणे पैसे. पायऱ्यांवर मध्ये टेकायला मोकळी जागा ठेवा, तिथे दुकान नको.

आणि ई-रिक्षा आणायचीच असेल तर आधी राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही गावांसाठी आणा. रात्री आजारी माणसाला धक्क्यापर्यंत न्यायला, गॅसचा सिलिंडर घरी पोहोचवायला. पर्यटकांचं त्यानंतर बघू.

नेरूळकरीण

गावांसाठी आधी, हे मान्य. सहा माणसांचं मात्र मान्य नाही. ओझं चौघांऐवजी सहा खांद्यांवर गेलं तरी ते माणसाच्याच खांद्यावर राहतं.