मदत हवी आहे: चांदीच्या नाण्याचा आवाज वेगळा कळावा म्हणून मेटल डिटेक्टरचे टोन (आवाजाचे स्वर) कसे लावावेत?

यंत्र मायनलॅब इक्विनॉक्स ८००, सोबत आलेली ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती). पार्क १ मोड, ५० टोन (आकड्यागणिक वेगळा स्वर), सेन्सिटिव्हिटी २२, रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर लगेच दुसरी ऐकू येण्याचा वेग) ५, आयर्न बायस (लोखंडाचे खोटे स्वर दाबणारी सेटिंग, एफ२) ६. अडचणी दोन. तीव्र स्वर ऐकून खणावं तर बऱ्याचदा गंजका वाकडा खिळा किंवा पत्रा निघतो. आणि हवेत धरून पाहिलं तर जाड चांदीच्या नाण्याला पडद्यावर ३० च्या आसपास आकडा येतो, पण नखाएवढं पातळ नाणं पार निम्म्यावर येतं. मग चांदीचा म्हणून एक आवाज ठरवायचा तरी कसा? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच आहे. यंत्राला चांदी ओळखता येत नाही. वस्तूत तयार झालेले भोवरी प्रवाह किती वेळ टिकतात एवढंच त्याला कळतं. सगळ्या धातूंत चांदी सर्वात चांगली वाहक, म्हणून जाड नाणं वरच्या टोकाला जातं. पण आकार आणि जाडी कमी झाली की तोच धातू खाली घसरतो आणि पातळ नाणं थेट कॅनच्या कड्यांच्या पट्ट्यात जाऊन बसतं. तो पट्टा डिस्क्रिमिनेशनने (नको ते आकडे गप्प करायच्या सोयीने) बंद केलात तर पातळ चांदी कायमची गेली म्हणून समजा. वरच्या टोकालाही चांदी एकटी नसते. तांब्याची जाड नाणी आणि ॲल्युमिनियमचे डबे तिथेच वाजतात.

प्रतिसाद २

५० टोन सोडून आधी ५ टोनवर या, म्हणजे सगळ्या आकड्यांचे पाच पट्टे आणि प्रत्येकाला एकच स्वर. ८०० मध्ये प्रत्येक पट्ट्याची हद्द, स्वर आणि आवाजाची पातळी वेगवेगळी लावता येते.

१. जवळची चांदीची नाणी एकेक करून कॉइलसमोर १० ते १५ सेंमीवर फिरवा. हातातली अंगठी आणि घड्याळ काढा, मोबाइल लांब ठेवा. सळ्या असलेल्या स्लॅबवर ही चाचणी करू नका. प्रत्येक नाण्याचा आकडा लिहून ठेवा.

२. जाड नाण्यांमधला सर्वात कमी आकडा घ्या. समजा तो २२ आला, तर चौथ्या पट्ट्याची वरची हद्द २० वर आणा. म्हणजे २१ ते ४० हा पाचवा पट्टा फक्त वरच्या वाहकांचा राहील.

३. पाचव्या पट्ट्याचा स्वर चौथ्यापेक्षा ठळकपणे वर ठेवा, पण उगाच शेवटच्या टोकाला नेऊ नका. वयानुसार कानाला तीव्र स्वर कमी ऐकू येतात आणि खोल नाण्याचा आवाज मुळातच क्षीण असतो. डोळे मिटूनही जो चटकन वेगळा कळेल तो स्वर निवडा.

४. लोखंडाच्या पट्ट्याची पातळी २५ पैकी ४-५ ठेवा, शून्य नको. आवाज पूर्ण बंद केला की खिळ्याचा गुरगुराट जातो आणि फक्त त्याचा खोटा तीव्र तुकडा कानावर पडतो. तुमची पहिली अडचण बहुधा हीच असावी.

जागेवर गेल्यावर आधी नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणं), मग ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांशी यंत्र जुळवणं). हे न करता टोन लावत बसणं म्हणजे तंबोरा न जुळवता गायला बसणं!

मूळ प्रश्नकर्ता

लोखंडाचा आवाज मी खरोखरच शून्यावर ठेवला होता. आता प्रश्न असा की तीव्र स्वर आला तर खणण्याआधी खरा-खोटा कसा ठरवायचा?

प्रतिसाद ३

खड्डा खणण्याआधी ९० अंश फिरा. वस्तूवरून आधी पूर्व-पश्चिम, मग दक्षिण-उत्तर, कॉइल जमिनीला समांतर ठेवून. चांदीचं आडवं नाणं चारही बाजूंनी गोल, स्वच्छ वाजतं आणि आकडा एक-दोन घरांतच हलतो. खिळा एका दिशेने गोड वाजतो आणि फिरल्यावर तुटतो किंवा गुरगुरतो. शिवाय पिनपॉइंट (वस्तूची नेमकी जागा शोधणं) केल्यावर लोखंडाचा केंद्रबिंदू तीव्र स्वराच्या जागेपासून सरकलेला सापडतो.

डबा ओळखायला कॉइल हळूहळू उचला. ३० सेंमीवरूनही दणदणीत वाजत असेल तर ते नाणं नव्हे. खिळ्याला चिकटलेलं नाणं मात्र अर्धवट, तुटक वाजतं. तिथे आयर्न बायस ६ वरून २-३ वर आणून पुन्हा ऐका. बायस जास्त असेल तर खोटे स्वर कमी होतात, पण लोखंडालगतचं खरं नाणंही त्याच हिशेबात गाडलं जातं. उभ्या कडेवर असलेलं नाणंही फसवतं, आवाज बारीक आणि दुहेरी येतो.

प्रतिसाद ४

५ टोनबद्दल थोडं असहमत. कचरा कमी असलेल्या जागी ५० टोनच बरे. खोल वस्तूचा आकडा डगमगतो, तो डगमग ५० टोनमध्ये ऐकू येतो. ५ टोनमध्ये एकतर सपाट वाटतो, नाहीतर हद्दीवर उड्या मारतो. कचऱ्याच्या जागी ५ टोन, मोकळ्या जागी ५०. शंका असेल तिथे मल्टीवरून (एकाच वेळी अनेक वारंवारिता) फक्त ५ किलोहर्ट्झवर जाऊन ऐका. कमी वारंवारितेत वरचे वाहक चांगले वाजतात. पातळ चांदीसाठी मात्र परत मल्टीवरच या.

आणखी एक, सेन्सिटिव्हिटी २२ वर यंत्र बडबडत असेल तर १८-१९ वर आणा. गोंगाटात क्षीण स्वर हरवतो आणि २२ चा फायदा मिळतच नाही.

मूळ प्रश्नकर्ता

साधे ब्लूटूथ हेडफोन चालतील का?

प्रतिसाद २

त्यांनीच घोळ होतो. साध्या ब्लूटूथला ०.१५ सेकंद उशीर धरला आणि कॉइल सेकंदाला १ मीटर वेगाने फिरत असेल, तर आवाज कानात पोचेपर्यंत कॉइल १५ सेंमी पुढे गेलेली असते. जाताना-येताना वस्तू दोन ठिकाणी वाजते आणि फिरून तपासण्यात काही अर्थ उरत नाही. एपीटीएक्स लो लेटन्सी (आवाजाचा उशीर कमी करणारं ब्लूटूथ तंत्र) असलेला किंवा सरळ वायरचा हेडफोन घ्या.