लोक काय म्हणतील, हे सोडा

मुलगी दहावीत, दार लावून बसते, पण समुपदेशकाकडे नेलं तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही लिहिलंय. लोकांचं सोडा हो. आमचा धाकटा नववीत असताना डबा रोज तसाच परत यायचा. पोळ्या वातड, भाजी आंबलेली. मी रागवायचे, तो गप्प. शेवटी समुपदेशक बाईंकडे गेलो. बाईंनी आम्हा तिघांसमोर सांगितलं, जिवाला धोका असेल तरच आईबाबांना कळवीन, बाकी तुझं बोलणं माझ्याजवळ राहील. त्याचे ताठरलेले खांदे सैल झालेले मी पाहिले. मार्कांचा विषयच निघाला नाही. झोप लागते का, मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसतोस, एवढंच. चौथ्या भेटीनंतर त्यानंच घरी सांगितलं, वर्गातली मुलं तोतरेपणावरून चिडवत होती. आम्हालाही तिथं शिकवलं, लगेच उपाय सुचवायचे नाहीत, आधी पूर्ण ऐकायचं. मला ते फार जड गेलं.

लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची २०२२ पासूनची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि न्यायच्या आधी मुलीला विचारा, परस्पर वेळ ठरवून नेऊ नका.