ग्रंथालयातल्या ८ संगणकांसाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर कोणतं?

प्रश्न: सहावी ते आठवीची मुलं, ४ जीबी रॅम, नेट सारखं जातं. काय घ्यावं?

प्रतिसाद १: नेटचा भरवसा नसेल तर कोलिब्री (नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर). एका संगणकावर बसवायचं. बाकीचे ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) आणि पुढे :८०८० टाकून उघडतात. राऊटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर राऊटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो आणि कुठेच काही उघडत नाही. तरीही अडलं तर फायरवॉलमध्ये ८०८० पोर्ट अडवलेला नाही ना ते बघा. मुख्य संगणकाचा स्लीप मोड बंदच हवा. अख्खं चॅनेल (कोलिब्रीतला धड्यांचा संच) उतरवू नका, व्हिडिओ डिस्क खातात. हवे तेवढेच धडे निवडा.

प्रतिसाद २: संदर्भासाठी किविक्स जोडा, त्यात विकिपीडिया ऑफलाइन चालतो. किविक्सची मोठी झिम फाइल (तिच्यात सगळा मजकूर असतो) पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जाईल).

प्रतिसाद ३: वयोगट आधी तपासा. जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळांचा संच) छान आहे, पण २ ते १० वर्षांसाठी. आठवीची मुलं तिकडे फिरकणार नाहीत. त्यांना स्क्रॅच (प्रोग्रामिंगसाठी) आणि जिओजेब्रा (गणितासाठी) द्या, दोन्ही ऑफलाइन मिळतात.

आणि चाचणी मुलांच्याच खात्यावरून घ्या. प्रशासक खात्यावर सगळं सुरळीत चालतं. मुलांच्या खात्याला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसली की काम सेव्हच होत नाही. विकतचं घेताना परवाना संगणकामागे आहे की विद्यार्थ्यामागे, हे लेखी घ्या. ग्रंथालयाला संगणकामागचाच परवडतो.