अंगठा लागतच नाही, त्याचं काय?

वर कोणी लिहिलंय, अंगठ्याचं मशीन आलं आणि हजेरीतली लबाडी संपली. भाऊ, एकदा आमच्या जळगावच्या एमआयडीसीत या. मी चटईच्या कारखान्यात आहे. घासून घासून अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत, मे महिन्यात वरून घाम. मशीन तीनदा नाही म्हणतं, मागे रांग ओरडते. आठला गेटात असलेला माणूस आठ वाजून सात मिनिटांनी 'लेट', आणि पगार अर्ध्या तासाचा कापला! १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम आहे, गैरहजेरी जेवढी तेवढीच कपात. सुटी झाल्यावर वीस मिनिटं थांबवतात, ती मात्र कुठेच चढत नाहीत. हल्ली मी रोज गेटवरच्या घड्याळाचा फोटो काढतो. सुपरवायझर हसतो. हसू दे.