ओस पडलेलं चर्च नुसतं उभं ठेवणं, हे काम आहे का?

नदीकाठ:
गेल्या रविवारी वेल्समधल्या मॉनमथशायरमध्ये लानवाइर किलगेडिनचं चर्च पाहून आले. बाहेरून अगदी साधं, शेतात उभं. आत पाऊल टाकलं आणि बोलणंच थांबलं. भिंतीभर स्ग्राफितो. रंगीत गिलाव्यावर दुसरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा रंग उघडा करायचा. चूक झाली की पुसायची सोय नाही. हेवूड समनर या इंग्रज कलाकाराने १८८०च्या दशकात केलेलं हे काम. विषय साऱ्या सृष्टीने देवाची स्तुती करण्याचा, पण डोंगर आणि नदी तिथलीच, शुगर लोफ आणि अस्क. जवळून पाहिलं तर खरवडलेल्या रेघेची कड अजून धारदार दिसते.

हे चर्च पाडायचं चाललं होतं. १९८०च्या दशकात फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस या, ओस पडलेली चर्च सांभाळणाऱ्या संस्थेने ते ताब्यात घेतलं, म्हणून आज भिंत आहे.

ही संस्था १९५७ साली आयव्हर बल्मर-थॉमस यांनी काढली. गृहस्थ वेल्सचे, आधी मजूर पक्षाचे खासदार, मग हुजूर पक्षात गेलेले, शिवाय ग्रीक गणिताचे अभ्यासक. त्याआधी ते हिस्टॉरिक चर्चेस प्रिझर्वेशन ट्रस्ट या, जुन्या चर्चच्या दुरुस्तीला मदत करणाऱ्या संस्थेत होते. ज्या चर्चमध्ये उपासनाच होत नाही त्यांचं काय, यावर तिथे बिनसलं आणि ते बाहेर पडले. सोबतीला कवी जॉन बेट्जेमन आणि टी. एस. एलियट, चित्रकार जॉन पायपर अशी माणसं आली. बल्मर-थॉमस यांचं म्हणणं होतं की जुनं, सुंदर चर्च नुसतं उभं असलं तरी त्याचं काम होतं. कोणी येवो न येवो, ती वास्तू हीच उपासना. मला हे मनापासून पटतं. तुम्हाला?

पागोळी:
नाही पटत. माणसाचा वावर नसलेली वास्तू टिकत नाही. कोकणातलं बंद घर आठवा. पन्हळ पानांनी तुंबते, पाणी भिंतीत मुरतं, वासे कुजतात, आणि कळतं तेव्हा दोन पावसाळे उलटलेले असतात. इंग्लंडमधला चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ३५० च्या वर चर्च सांभाळतो आणि त्यातल्या काहींत लोकांना रात्री मुक्कामालाही राहू देतो. कोणी झोपलं असेल तर छताची गळती त्याच रात्री समजते. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

नदीकाठ:
पागोळी, तो ट्रस्ट १९६९ साली रिडंडंट चर्चेस फंड, म्हणजे वापरात नसलेल्या चर्चसाठीचा निधी, म्हणून सुरू झाला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष बल्मर-थॉमसच होते. बारा वर्षं आधी त्यांनी हट्टाने जे सुरू केलं, तेच पुढे सरकार आणि चर्च ऑफ इंग्लंडने मिळून उचललं. आणि वावर हवा हे मान्य, पण त्या स्ग्राफितोसमोर खाटा टाकायच्या? हिटरची ऊब आणि श्वासांची वाफ त्या गिलाव्याला सोसेल?

पागोळी:
त्या एका भिंतीपुरतं मान्य. पण फ्रेंड्सकडे साठाहून जास्त चर्च आहेत, सगळीकडे समनर नाही. शिवाय वेल्समध्ये १९९९ पासून त्यांना सरकारकडूनही पैसे मिळतात. करदात्याच्या पैशाने राखायचं तर गावाला त्याचा उपयोग झालाच पाहिजे. नुसतं उभं असणं हे मी काम मानणार नाही.

वसईकर:
मी वसईचा, ख्रिस्ती. आमच्या किल्ल्यात चर्चच्या भिंती आहेत, कमानी आहेत, बहुतेकांना छप्पर नाही. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पुढे चर्च ओस पडली. लहानपणी वाटायचं, ती पहिल्यापासून अशीच उघडी असणार. आत पिंपळाची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत शिरलेली आहेत. आज कोणी म्हणालं की इथे वाचनालय करू, सभागृह करू, तर कशात करणार? पागोळी, तुमचा उपयोग पन्नास वर्षांनी सुचला तरी चालेल, पण तोवर छप्पर तर हवं. फ्रेंड्सवाले नेमकं तेवढंच करतात असं मला वाटतं.

पागोळी:
छपराचा मुद्दा पटला. तेवढ्यासाठी सरकारने पैसे द्यावेत, माझी हरकत नाही. छप्पर झाल्यावर मात्र गावाला विचारायलाच हवं, इथे काय करायचं ते, यावर मी ठाम आहे. नदीकाठ, पुढच्या वेळी गेलात तर एक बघून सांगा: पन्हळी साफ करायला कोण चढतं, गावातलं कोणी की बाहेरून आलेला ठेकेदार?